माईक हिसकावला त्याची गोष्ट

प्रिय ताई,

मी धडधाकट आहे, वेळेवर जेवतो. सभागृहात लेखकांच्या मुलाखती होतात, तिथे श्रोत्यांपर्यंत माईक नेण्याचं काम मिळालंय.

काल युद्धात गाव जळालेल्या लेखिकाबाई आल्या होत्या. एक गृहस्थ त्यांना म्हणाले, "झालं गेलं, आता विसरा की." माझं डोकं फिरलं, मी माईकच हिसकावला. साहेबांनी झापलं.

नंतर बाईंनी विचारलं, "एवढा चिडलास, तुला कुणी घरातून हाकललंय का रे?"

"नाही. बाबांशी भांडून मीच कॉलेज सोडून निघालो."

"मग तुझं घर अजून जागेवर आहे."

खोलीवर बोलायला कुणी नाही. कॉलेजात जिच्यावर माझा जीव होता, तिचं लग्न ठरलं असेल तर कळवू नकोस. मी आलो तर बाबा बोलतील का? विचार, पण मी विचारलंय म्हणू नकोस.

तुझाच,
भडकू