कीबोर्ड मुद्दाम बंद ठेवलाय

बाबा,

कीबोर्ड बिघडलेला नाही, मी लॉक केलाय. वायर काढून परत लावत बसू नका. माऊस चालतो, त्याने स्क्रीनवरचं माझं पत्र वर-खाली करून वाचता येईल.

सकाळी ते तुम्हाला फक्त वाचायला दिलं होतं. तुमचा हात शिवशिवला आणि शेवटी 'काही चुकलं असल्यास क्षमा असावी' अशी ओळ आली. तीस वर्षं ऑफिसची पत्रं तशीच संपवलीत, कळतं मला. पण हे पत्र माझ्या नवऱ्याला आहे. ओळ मी काढून टाकलीय.

घरात बसवेना, म्हणून चालायला गेलेय. पाचला येऊन पत्र पाठवते. तोवर नीट वाचा. मी परत का जात नाही, ते दुसऱ्या परिच्छेदात आहे. तिथली तुम्ही फक्त तारीख सुधारलीत.