शाळेच्या संताला घातलेलं गाऱ्हाणं

बोरीवली, फेब्रुवारी १९८६

तीर्थस्वरूप अण्णांना जावई अनंतचा साष्टांग नमस्कार. थंडीत गुडघा काय म्हणतो? (नीलाने पाठवलेलं तेल गुडघ्याला लावायचं आहे, समईत घालायचं नाही, असा तिचा निरोप.) आम्ही खुशाल. फक्त तुमची एक वस्तू न विचारता वापरली, तेवढं ऐकून घ्या.

आमच्या पाद्र्यांच्या शाळेला यंदा पन्नास वर्षं झाली. ती सुरू झाली मराठीतच, गोराईला होड्यांच्या मांडवाखाली. मासळीचा हंगाम आला की पोरं गायब, आणि पहिले फादर वाळूत काढलेली बाराखडी एकटेच राखत बसायचे (भरती आली की तीही जायची). इंग्रजी वर्ग फार पुढचे. आता मात्र तेच उरणार होते, कारण जूनपासून मराठी पहिली बंद, असं आमच्या गोव्याच्या प्रिन्सिपल फादरनी ठरवलं होतं. आणि समारंभात शाळेचा इतिहास सांगायला उभं कोणाला केलं, तर मराठी शिकवणाऱ्या मला.

संध्याकाळ होती. खाडीवरून वारा येत होता, सुकत्या बोंबलांचा वास, मेणबत्त्या, समोर कडेवर लेकरू घेतलेला संताचा पुतळा. अण्णा, मला आपल्या गावच्या देवळातच उभा आहे असं वाटायला लागलं. पाठ केलेलं भाषण कुठे विरघळलं कोण जाणे, तोंडातून तुम्ही गावासाठी देवापुढे घालता ते गाऱ्हाणं निघालं: "बा देवा म्हाराजा, वाळयेत बसान ज्यांनी अक्षरां गिरवली, तेंचा ह्यां घर. ह्यां बंद करूचा कोणाच्या मनात इला असात, तर तां मन फिरव रे म्हाराजा." मागून आपले कोकणातले पालक सवयीने म्हणाले, "व्हय म्हाराजा." पुढच्या खेपेला पहिल्या रांगेतल्या लुगडी नेसलेल्या, इथल्याच ईस्ट इंडियन ख्रिस्ती म्हाताऱ्याही म्हणाल्या. आणि तिसऱ्या खेपेला, डोळे मिटून, खुद्द फादर. (त्यांच्याही गावी असंच घालतात म्हणे.) त्या भरात मी संताला कोंबड्याचा नवसही बोलून बसलो.

दुसऱ्या दिवशी फादरनी बोलावलं. वाटलं, नोकरीची वाट लागली. पण ते हळूच म्हणाले, "वर्ग भरेल एवढी मुलं आणा सर, पहिली ठेवतो. कोंबड्याऐवजी मेणबत्ती चालेल." तेव्हापासून दारोदार फिरतोय. प्रत्येक दारात विचारतात, तुमचा बाळ यंदा कुठल्या पहिलीत जाणार? मला तिथे खोकला येतो.

आपला,
अनंत

ता. क. खरं काम हेच. नीलाने बाळसाठी इंग्रजी ठरवलंय. माझं ती ऐकत नाही, तुमचं ऐकते. तिला दोन ओळी लिहा.

आणखी ता. क. (नीलाच्या हातचा) अण्णा, पत्र पेटीत टाकायला माझ्याकडेच दिलं, म्हणून वाचलं. त्या संध्याकाळी मी मागेच बसले होते. पहिलं "व्हय म्हाराजा" माझं होतं, यांना अजून पत्ता नाही. बाळचं नाव मी कालच मराठीत घातलं. एवढ्यात यांना कळवू नका, अजून चार दारं फिरू देत.