सारखी कणसं

आबा, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. निमगावचं रान आता मीच बघते. परवा शाळू पेरायचा आहे आणि कुठलं बी पेरावं ते मला ठरवता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

मी कॉलेज संपवून घरी आले होते तेव्हाची गोष्ट. खळ्यावर तुम्ही बियाण्यासाठी कणसं बाजूला काढताय. एक गच्च, एक विस्कटलेलं, एक मान मोडल्यासारखं वाकलेलं, एक लालसर दाण्याचं. मी म्हणते, "आबा, आपलं रान म्हणजे नुसता बाजार दिसतो. लोक हसतात." तुम्ही मान वर न करता म्हणता, "बाजार हाय म्हणून तर समदी येत्यात." तुम्ही जेवायला गेल्यावर मी टपोरी, पांढरी, एकसारखी कणसं तेवढी ठेवली आणि बाकीची म्हशीपुढे टाकली. परत येऊन तुम्ही ढिगाकडे पाहिलंत, "लई शिकलीस गं," एवढंच म्हणालात. मला ते कौतुक वाटलं होतं.

आता रान दिसायला देखणं आहे. पण मावा पडला की आठवड्यात ज्वारीच्या सगळ्या ताटांवर पडतो, पानं चिकट होतात. ते मावा खाणारे लाल ढालकिडे येतात तोवर पीक गेलेलं असतं, मग तेही उपाशी निघून जातात. पूर्वी एका ताटावर मावा असायचा, शेजारच्यावर नसायचा, आणि ढालकिडे, कोळी, भोरड्यांसारखी पाखरं यांना थोडंथोडं काहीतरी मिळत राहायचं. गावात कृषी विभागाच्या एक बाई आल्या होत्या. एकाच पिकातली झाडं आतून वेगवेगळी असली की त्यांच्यावरचे किडे बदलतात, मग किडे खाणारेही बदलतात, असं त्या सांगत होत्या. मी मागे बसून ऐकलं. पण आजूबाजूला ऊस वाढला, फवारण्या वाढल्या, थंडीही पूर्वीसारखी पडत नाही. यातलं माझ्यामुळे किती झालं? सगळं, की काहीच नाही? मला खरंच समजत नाही.

काल पणदऱ्याला आत्याकडे गेले. तुम्ही तिला दिलेलं बी ती दरसाल लावते. तिने मडकं पुढे सरकवलं. "घे, तुझ्या बापाचंच हाय. पर मधी माझं मिसळलं, शेजारणीचं मिसळलं. आता कुठलं कुणाचं, मला इचारू नगंस." म्हणजे हे तुमचं म्हणावं की नाही, तेही कळेना. तरी चार तासं, चार ओळी तेवढ्या, पेरून बघणार आहे.

हा कागद कुठे पाठवणार, वहीतच राहील. निघताना आत्याने विचारलं, "तुमच्यातलं बी कसं गं संपलं?" मी म्हणाले, उंदरांनी खाल्लं.