नवी चेन, जुने दात

अब्बा, तुम्ही गेलात तेव्हा आपल्या तालुक्यात मोटर लावलेली सायकल कुणी पाहिली नव्हती. आता जामखेडच्या रस्त्यावरून बायका जेमतेम पाय हलवत चढ चढून जातात आणि चहाच्या टपरीवरची माणसं मान वळवून बघत राहतात. तुम्ही असतात तर हातातली ट्यूब तशीच पाण्यात टाकून मागे धावला असतात, बाईला थांबवलं असतंत आणि तिच्या तोंडाकडे न बघता आधी खाली वाकून चेनकडे बघितलं असतंत. हे सगळं मी मराठीत लिहिते आहे. घरात आपण जे बोलायचो ते मला लिहिता येत नाही, ते मी कधी कागदावर पाहिलंच नाही. आणि सायकलच्या दुकानात तुम्ही माझ्याशीसुद्धा मराठीतच बोलायचात, समोरच्या गिऱ्हाइकाला वाटू नये की बाप-लेक आपसात काहीतरी ठरवतायत म्हणून. आजचं बोलणं दुकानातलंच आहे.

मला राग आलाय, अब्बा. चार दिवस झाले तरी उतरत नाही. भाकरी थापताना हात जोरात पडतो, तवा आपटला जातो, आणि घरातले विचारतात की कोण काय बोललं. कसं सांगू? मी ज्या संस्थेत स्टोअर सांभाळते तिथल्या बायका वाड्यावस्त्यांवर जाऊन बाळंतिणींची चौकशी करतात, तान्ह्या मुलांची वजनं घेतात. वजनाचा काटा, औषधं, वह्या, सगळं पाठीवर. त्यांना गेल्या वर्षी मोटरच्या सायकली मिळाल्या. नगरहून डीलरचा टेम्पो आला आणि आमच्या पटांगणात दोन प्रकारच्या सायकली उतरल्या. सगळ्या बायका सीटला हात लावून बघत होत्या, आरशात पदर नीट करत होत्या. मी मात्र तुमच्यासारखी उकिडवी बसले.

पहिल्या प्रकारात मोटर मागच्या चाकाच्या मध्यातच बसवलेली असते. चाकाचा हब म्हणजेच मोटर. ती थेट चाकाला फिरवते, चेनला तिचा पत्ताच नसतो. चेनवर येतो तो फक्त बाईच्या पायाचा जोर, म्हणून ती वर्षानुवर्षं टिकते. तिची दुखणी वेगळी. लांबच्या चढाला मोटर तापते, आणि मागचं पंक्चर काढायचं तर आधी वायर सोडवा, मग जाड नट, मग ते धोंड्यासारखं जड चाक उतरवा. तुम्ही शिव्या घातल्या असत्यात. दुसऱ्या प्रकारात मोटर खाली, दोन पेडलांच्या मध्ये. ती ताकद लावते ती चेनमधूनच, गिअरमधूनच, म्हणून खालच्या गिअरवर अवघड चढसुद्धा न तापता चढते. पण बाईचे पाय आणि मोटर, दोघांचा जोर त्याच एका चेनवर आणि मागच्या चक्राच्या त्याच चार-दोन दातांवर. एका माणसाच्या ताटात दोघं जेवायला बसावीत तसं. चेन भराभर लांबते, लांबलेली चेन दात खाते. सपाटीवरच्या गावांना पहिला प्रकार दिला, डोंगराकडच्या गावांना दुसरा. निवड चुकीची नव्हती, हे मी रागातही कबूल करते. पण दुसऱ्या सायकलीची चेन दर महिन्याला तपासायला हवी, थांबण्याआधी गिअर खाली आणायला हवा, हे त्या बायकांना कुणी सांगितलं? डीलरच्या माणसानं बटण कुठलं ते दाखवलं, फोटो काढले आणि टेम्पो परत गेला. मग मीच एकेकीला पटांगणात घेऊन शिकवलं. त्यांतली एक माझ्याच वयाची, जन्मात सायकलवर न बसलेली. तिचं कॅरिअर धरून मी आठ दिवस मागे पळाले. नवव्या दिवशी ती एकटी फाटकाबाहेर गेली आणि परत येऊन म्हणाली, "ताई, आता मला सासरबी जवळ हाय आन् म्हायेरबी."

तीच पडली, अब्बा. तिच्या वस्तीच्या अलीकडच्या चढावर. मनगट मोडलं, हनुवटीला टाके. आणि चार दिवसांपूर्वी डीलरचा माणूस एक छापील कागद घेऊन माझ्या टेबलापाशी आला. 'वापरणाऱ्याच्या चुकीच्या हाताळणीमुळे,' असं त्यावर आधीच लिहिलेलं होतं. खाली स्टोअरची, म्हणजे माझी सही हवी होती. एक सही. मग त्यांच्यावर काही येणार नव्हतं, आणि आमच्या समितीनं ती सायकल काढून कुणा तरुण मुलीला द्यायची असं तोंडी ठरलेलंच होतं. सायकल गेली की तिच्या तीन लांबच्या वस्त्याही गेल्या, कारण पायी तेवढं होत नाही. म्हणजे कामही अर्धं गेलं. ती प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन समोरच्या बाकावर बसली होती, आणि तो तिच्यासमोर मला समजावत होता.

"मॅडम, ही मधली मोटर आहे ना, पॉवर जास्त असते. ह्या वयाच्या लेडीजना कंट्रोल होत नाही. गिअर कधी टाकायचा कळत नाही."

"मी गेर पैलाच ठिवला हुता," ती म्हणाली. "मोटर लागली आन् पाय येकदम मोकळा पडला बघा ताई, जिन्याची पायरी चुकल्यावानी."

"मावशी, पाय आपोआप मोकळा पडत नसतो. तुम्ही पेडल सोडलं असणार."

"मावशी कुनाला म्हंतो रं? पेडल सोडून चढ चढतं का कुनी? तुज्या आईला इचार जाऊन."

तो हसला. मला म्हणाला, "चेनचा तर प्रश्नच येत नाही मॅडम. मागच्याच आठवड्यात सर्व्हिसिंगला आली तेव्हा आम्ही नवीकोरी टाकली. नव्या चेनला काय होणार?"

पाय मोकळा पडला, आणि चेन नवी. ही दोन वाक्यं मी ह्याच क्रमानं पूर्वी ऐकली होती. मी उठले, सायकल उलटी केली, चिंधीनं मागच्या चक्रावरचा काळा चिकटा पुसला. चेन चकचकीत होती. आणि खालचे दात एका अंगाला वाकून टोकदार झालेले, झिजलेल्या विळ्यासारखे. जुन्या चेननं खाल्लेल्या दातांवर ह्यांनी नवी चेन चढवली होती. नव्या चेनचे दुवे त्या दातांत बसतच नाहीत. सपाटीवर चालून जातं. चढाला जोर लागला की चेन दातांवरून उडते, आणि इथं तर बाईच्या पायामागे मोटरचा जोर होता. साधी सायकल झटका देऊन पाडते, ही माणसाला उचलून फेकते. मी त्याला दात दाखवले. म्हटलं, सही करणार नाही. त्याच कागदाच्या पाठीवर मी काय पाहिलं ते लिहिलं, आणि ते झिजलेलं चक्र माझ्यासमोर काढून माझ्या ताब्यात द्यायला लावलं. तो चिडला. "मॅडम, तुम्हाला हे कुणी सांगितलं?" माझे वडील सायकली दुरुस्त करायचे, असं मी म्हणाले. "अच्छा, त्या जुन्या सायकली," तो म्हणाला. "त्याच्यात आणि ह्याच्यात फरक असतो."

काय फरक असतो, अब्बा? दात म्हणजे दात. मोटर कुठंही बसवा, जोर कुठून तरी जायचाच आणि कुणाला तरी झिजवायचाच. तो कुठून जातो ते बघायचं असतं. तुम्ही पुढच्या चक्रावरची चेन दोन बोटांच्या चिमटीत धरून पुढे ओढायचात. चेन उचलून दात उघडा पडला की म्हणायचात, "गेली ही. आता फ्रीव्हीलबी बघ." फ्रीव्हील म्हणजे ते मागचं चक्र. चेन बदलायची तर ती बघायचीच, हे मला तुम्ही पाढ्यासारखं शिकवलंत. आणि दुसरं एक शिकवलंत. कुणी पडून आलं, लंगडत, सायकल ओढत आलं, की आधी दात बघायचे, मग चेन, मग ब्रेक. चालवणाऱ्याची चूक सगळ्यात शेवटी बघायची. "सायकलला तोंड न्हाई, मान्साला हाय," असं तुम्ही म्हणायचात, "म्हनून आपुन मान्सालाच बोलतो."

मग त्या दिवशी तुम्ही तसं का केलंत? खरं सांगू, चार दिवसांतला निम्मा राग तुमच्यावर आहे.

मी सातवीत आहे. सुट्टीचा दिवस, दुकानासमोर उन्हात पाण्याचं घमेलं, त्यात आभाळ. मी रॉकेलच्या ताटलीत बेअरिंगचे छर्रे धुते आहे. बालवाडीच्या बाई सायकल हातात धरून येतात. कोपर सोललेलं, साडीला माती, ओठ फुटलेला. रोज चार-पाच मैलांवरच्या वस्तीवर जाणाऱ्या त्या एकट्या बाई, गावात लेडीज सायकल त्यांची एकच. दुकानात तीन-चार माणसं टेकलेली. बाई म्हणतात, "भाई, चढाला पाय येकदम मोकळा पडला." तुम्ही हातातलं काम न सोडता म्हणता, "चेन नवी हाय बाई. कालच बसवली." मग माझ्याकडे वळून विचारता, "काय गं, फ्रीव्हील बघितली हुतीस न्हवं?" मी होकाराची मान हलवते. मग तुम्ही बाईंना म्हणता, "उभं ऱ्हाऊन पेडल मारत असताल. सायकलीचा काय दोष?" बाकावरचा एकजण म्हणतो, "भाई, त्यान्ला तीन चाकाची द्या." सगळे हसतात. तुम्हीही हसता, थोडं. बाई म्हणतात, "न्हाई वो, मी बसूनच हुते." कुणी ऐकत नाही. त्या माझ्याकडे बघतात आणि मी ताटलीतले छर्रे मोजायला लागते.

तुम्ही वाकला का नाहीत, अब्बा? रस्त्यानं जाणाऱ्या परक्याच्या चेनकडे वाकून बघणारे तुम्ही, त्या दिवशी स्टुलावरून उठला का नाहीत? एक चिंधी फिरवायची होती. माणसं हसत होती म्हणून? बाई होती म्हणून? तो नगरचा माणूस 'ह्या वयाच्या लेडीज' म्हणाला तेव्हा मला तुमचं ते थोडंसं हसू ऐकू आलं, आणि मला त्याचा जितका राग आला तितकाच तुमचा आला. बाईंनी त्यानंतर सायकल चालवली नाही. ती त्यांच्या भिंतीला टेकून गंजली. पुढची कितीतरी वर्षं त्या छत्री घेऊन दुकानासमोरून पायी जायच्या, आणि तुम्ही एकदा म्हणालात, "बाई हिंमत हरल्या." बाई पडल्या त्याच आठवड्यात तुम्ही मला चाकाच्या तारा आवळायची तुमची चावी दिलीत. माणसांसमोर म्हणालात, "माज्या पोरीनं बसवलेली चेन, ती कशाला उडंल?" ती चावी माझ्याकडे अजून आहे. चाकाचा आऊट मी अजून काढू शकते, चाकाची एवढीशी लचकसुद्धा मला दिसते. पण चावी हातात घेतली की तळव्याला ती गरम लागते, जशी तुम्ही दिलीत त्या दिवशी लागली होती.

सोमवारी समितीची बैठक आहे. चक्र बदलून आलं आहे, सायकल पटांगणात उभी आहे. मी काल तिच्या घरी जाऊन आले. ती एका हातानं तांदूळ निवडत होती. म्हणाली, "ताई, द्या ती दुसरीला. मी आपली चालतच जाईन. चूक माजीच आसंल, मला कुटं शाळा?" मी म्हटलं, तुझी चूक नाही, मी दात पाहिलेत. ती म्हणाली, "तुमी पाह्यले म्हनून. न्हाईतर मलाबी वाटाया लागलं हुतं, मीच पाय सोडला." तिथून फाट्यापर्यंत मी चालत आले आणि बसमध्ये बसल्यावर मला रडू आलं. बालवाडीच्या बाईंनाही असंच वाटायला लागलं असेल. त्यांना तसं सांगायला कुणी गेलं नाही, आणि आता त्याही नाहीत.

सोमवारी बैठकीत मला विचारतील, तुम्हाला हे एका नजरेत कसं कळलं. मी पुन्हा म्हणेन, वडील सायकली दुरुस्त करायचे. की सगळं सांगेन? ते झिजलेलं चक्र माझ्या टेबलावर आहे, तुम्हाला लिहिलेला हा कागद त्याच्याखालीच राहणार. तुम्ही वाकला नाहीत, त्याचं कारण मला चार दिवस शोधायची गरज नव्हती. तुम्ही मला विचारलं होतंत आणि माझ्यावर विश्वास ठेवला होतात, एवढंच. आदल्या दिवशी बाई घाईत होत्या, तुम्ही जेवायला गेला होतात, आणि नवी चेन एकटीनं बसवायची मला हौस होती.

मी फ्रीव्हील बघितली नव्हती, अब्बा.