तीस जूनची दुपार

४ ऑगस्ट

चि. खारूस, अनेक आशीर्वाद.

तुझी आई जाऊन वर्ष झालं. घर इतकं गप्प आहे की फ्रिजच काय तो बोलतो, आणि तोही एकसुरी. दृष्टिहीनांच्या ग्रंथालयासाठी ती पुस्तकं वाचायची, ती ध्वनिमुद्रणं तुझ्याच मुख्य कचेरीत असतात ना? श्रोत्यांना देता ती छाटलेली नकोत. मध्येच खोकणारी, ध्वनिमुद्रकाला दटावणारी आई हवी आहे. तिचा आवाज मला आठवेनासा झालाय, खारे. त्याची फार भीती वाटते.

जपून राहा.
तुझा बाबा

१२ ऑगस्ट

तीर्थरूप बाबांना शि. सा. न. वि. वि.

सोबत पेनड्राइव्ह आहे. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला तारीख आणि वेळ जोडलेली असते. त्यातून वर्ष आणि महिना काढून संगणकाला गठ्ठे करायला लावले. नुसता महिना घेतला असता, तर सगळ्या वर्षांचे मार्च एकातच कोंबले गेले असते! गेल्या वर्षीच्या ३० जूनपर्यंतचं, म्हणजे ती शेवटची ध्वनिमुद्रणाला गेली तोवरचं, सगळं निवडलंय. रोज एकच गठ्ठा ऐका, अधाशीपणा नको.

तुमचा लोभ माझ्यावर आहेच, थोडा औषधांवरही असू द्या.
खारू

२५ ऑगस्ट

चि. खारूस, अनेक आशीर्वाद.

दिवसरात्र ऐकून सगळे गठ्ठे संपवले. ओरडू नकोस. पण शेवटचा गठ्ठा २९ जूनलाच संपतो. ३० तारखेला मीच तिला स्कूटरवरून सोडलं होतं. घसा बसला होता, माझ्या खिशातली खोकल्याची गोळी घेऊन वर गेली. संध्याकाळी पुस्तक संपवल्याच्या आनंदात खाली आली. दुसऱ्या दिवशी तापाने आडवी झाली, ती उठलीच नाही. ते ध्वनिमुद्रण पुसलं गेलं असेल, तर आडपडदा न ठेवता कळव.

बाबा

३ सप्टेंबर

तीर्थरूप बाबांना शि. सा. न. वि. वि.

चूक माझी. नुसती तारीख दिली की संगणक रात्रीचे बारा धरतो. त्यामुळे ‘३० जूनपर्यंत’ म्हटल्यावर तो दिवस सुरू होतानाच थांबला आणि आईची अख्खी दुपार बाहेर राहिली. नव्या मुलांना मी हेच बजावते, आणि स्वतःच तोंडघशी पडले. मग १ जुलैच्या आधीचं सगळं मागितलं, आणि आई सापडली. ते ध्वनिमुद्रण सोबत पाठवते आहे.

पुस्तक संपतं, यंत्र चालूच असतं. ती ध्वनिमुद्रकाला सांगते, की मला लगेच उतरायची घाई लावू नका. खाली आमचे हे उभे आहेत, खिडकीतून जरा बघू द्या, वाट बघताना ते फार छान दिसतात. त्यांना मात्र सांगू नका म्हणते, डोक्यावर चढून बसतील.

मी एकदाच ऐकलंय. पुन्हा ऐकेन ते तुमच्या शेजारी बसून. रजा टाकली आहे.

तोवर दोघींचा राग मानू नका.
खारू

११ सप्टेंबर

चि. खारूस, अनेक आशीर्वाद.

ऐकलं. आवाज बसलेला आहे, तरी तिचाच. इतकी वर्षं मी खाली रस्त्यावरच्या खांबापाशी उभा राहून उशिराबद्दल कुरकुरत होतो, आणि ही वरून बघत होती.

काल त्याच वेळी तिथे जाऊन उभा राहिलो. वर मात्र पाहिलं नाही. तिला बघू दिलं.

तुझीही वाट बघतो आहे.
बाबा