लताच्या रुखवताचं पांढरं लाकूड

१२ ऑक्टो. ९५
लताला घेऊन वरसाव्याच्या लाकडाच्या वखारीत. लग्नात साडी पांढरी, तर रुखवतातला स्तूप नि फुलदाण्यांची जोडीही पांढरीच हवी म्हणे. मी म्हटलं, सागवान घे, पांढरं लाकूड म्हणजे आंब्याची पेटी. ऐकते कुठे! अंगठा ओला करून एकेका ओंडक्यावर घासत होती. पॉलिशनंतरचा रंग तसाच कळतो, मीच शिकवलेलं. शेवटी शिवणीचं पांढरं लाकूड घेतलं. शेठ म्हणाला, लडकी तुमसे ज्यादा जानती है. बरं वाटलं, दाखवलं नाही.

२९ ऑक्टो.
गाढव मी. मळू नये म्हणून ओलं लाकूड प्लास्टिकमध्ये बांधून ठेवलं. आज सोडलं तर बुरशी, निळे डाग. आयुष्य खरादावर लाकूड कातण्यात गेलं नि पोरीच्या वेळीच अक्कल गहाण. ती रागावली नाही. स्वच्छ भाग शोधून खडूने खुणा केल्या. तेवढ्यात होईल.

२४ नोव्हें.
स्तूप झाला. रंग नाही, नुसतं मेण. लताच्या आईने टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवला. एक फुलदाणी तयार, दुसरी खरादावर.

३० नोव्हें.
नवऱ्यामुलाचे मामा आले. चहा नको म्हणाले तेव्हाच ओळखलं. मुलगा नाही म्हणतोय, दुसरीकडे जमवलंय. ही रडायला लागली. लताने मामांना जयभीम केला, दारापर्यंत सोडायला गेली. ते बघवलं नाही.

३ डिसें.
गाळा उघडला, खराद चालू केला नाही. अर्धी फुलदाणी तशीच अडकवलेली. हात लावायला गेलो नि जीव तुटला. गिऱ्हाइकांवर उगाच डाफरलो.

१७ डिसें.
खालच्या मजल्यावरच्या बाई पुतणीच्या रुखवतासाठी स्तूप मागायला आल्या. हिंमत बघा! मी काही बोलणार तोच लताने कपाटातून काढून दिला, टॉवेलासकट. "बाबा, लग्नासाठी बनवलाय. लग्नात जाऊ दे." मग मोरीत नळ सोडून बसली, बराच वेळ. मी बाहेर उभा.

२ जाने. ९६
अर्धी फुलदाणी वाळून तडकली. जोडी पुरी करायला दुसरं लाकूड बघायला निघालो, तर लता, "थांबा, मी पण येते." रिक्षा केली.
वखारीत शेठने हसून विचारलं, शादी कब है? लताने अंगठा ओला केला.
"पहले लकडी दिखाओ, शेठ."
दोन नापसंत केली, तिसरं घेतलं. काय बनवायचं ते अजून बोललेली नाही. या वेळी प्लास्टिक नाही, वाऱ्याला उभं ठेवलंय.