विमान ऐकतं

१४ नोव्हेंबर

तीर्थरूप दादास,

नमस्कार. वाकून केला असं समज. माझे गुडघे हल्ली जिन्यापेक्षा तुझ्या नावाने जास्त कुरकुरतात. इकडे ठीक. गच्चीची गळती थांबली. सूनबाई पुन्हा कामावर जाऊ लागली. जेवते, म्हणजे ताटावर बसते.

अपघाताच्या चौकशीसाठी कंपनीने तुझं मत मागवलं आणि तू दिलंस, हे तिच्याकडूनच कळलं. 'वैमानिकाने चुकीची कृती केली.' वा! जन्मभर वैमानिक घडवलेल्या माणसाचं मत, कोण खोडणार? वैमानिक तुझा सख्खा भाचा होता, एवढं मात्र लिहायचं राहिलं.

त्या नव्या विमानाचं प्रशिक्षण माझ्या जेवणाच्या टेबलावर झालं, टॅबलेटवर. कुकरचं प्रेशर उतरायच्या आत संपलं. मी म्हटलं, "झालं? मिक्सरचं माहितीपत्रकसुद्धा याहून जाड असतं." हसला. "आई, कंपनी म्हणते, जुन्यासारखंच आहे."

जुन्या विमानाचं नाक आपोआप खाली जायला लागलं, तर दांडा पोटाशी ओढला की यंत्रणा गप्प बसायची. तूच शिकवलंस त्याला, याच टेबलाशी, बाबांची काठी गुडघ्यांत धरायला लावून. "ओढ. विमान ऐकतं." नव्यात ती सोय काढून टाकली होती, आणि उडवणाऱ्यांना कुणी सांगितलंच नाही. तुलाही ते अपघातानंतरच कळलं. पण मत देताना ठाऊक होतं, दादा. कॉन्व्हेंटात अर्धं खरं सांगणारीला सिस्टर खोटारडीपेक्षा जास्त वेळ उभं करायच्या.

कॉकपिटची टेप तू ऐकली नाहीस म्हणे. "भाच्याचा आवाज सहन होणार नाही." आवाज ओळखायला घरचं कुणीतरी लागतं. सूनबाईला कशी पाठवणार?

हे लिहायचं नव्हतं.

तो ओरडला नाही. "ओढतोय. ओढतोय, पण ऐकत नाहीये." शेजारच्या खुर्चीतला सहवैमानिक पोरगा रडवेला, "सोडून बघू या, सर?" आणि आपला शहाणा म्हणतो, "नको. असंच शिकवलंय."

तुझ्या शिकवण्यात खोट नव्हती. तिथे तू असतास तर तूही ओढलाच असतास. सोमवारच्या सुनावणीत उभा राहून एवढंच सांग. तुझ्या नावाला जरा धक्का बसेल. त्याचं तर आता नावच उरलंय.

काठी दाराशी काढून ठेवली आहे. ती मला घरात नको.

त्याची आई

(खाली 'तुझी बहीण' लिहायला सोमवारपर्यंत जागा सोडली आहे.)